धागा: स्ट्रोकच्या आयसीयू रुग्णात रक्ताचे कोणते आकडे पुढचं सांगतात, आणि कोणते नुसती फाइल जाड करतात?

दांडियाबाजार_रजिस्ट्रार | मंगळवार, रात्री १०:४०

बडोद्यातले आयसीयूवाले, लॅबवाले, सिस्टर, सगळ्यांना हाक.

आमच्या बारा खाटांच्या आयसीयूसाठी एक पान बनवायचं आहे. स्ट्रोकचा गंभीर रुग्ण आला की रक्त कधी काढायचं, काय काय पाठवायचं, आणि कोणता आकडा आला की रात्री कोणाला उठवायचं. एकच पान, खाटेच्या पायथ्याशी लटकवायचं.

वाचायला बसलो तर रोज नवा निर्देशांक. टीवायजी म्हणजे ट्रायग्लिसराइड-ग्लुकोज निर्देशांक, स्ट्रेस हायपरग्लायसेमिया रेशो, लॅक्टेट-अल्ब्युमिन गुणोत्तर, युरिया-अल्ब्युमिन गुणोत्तर, न्यूट्रोफिल-लिंफोसाइट गुणोत्तर. सगळ्यांचा मृत्यूशी आणि गुंतागुंतीशी 'स्वतंत्र संबंध' आहे म्हणे. यातलं पानावर काय घ्यावं?

---

शिरा_धमनी | मंगळवार, रात्री ११:१५

प्रश्न उलटा मांडा. 'कोणता मार्कर चांगला' हे नंतर. आधी विचारा, मला कोणती गुंतागुंत वेळेआधी पकडायची आहे आणि ती पकडून मी वेगळं काय करणार आहे.

मेंदूची सूज साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवशी जोर धरते. तिच्यासाठी रक्तात काही शोधत बसू नका. झापड, बाहुली, एनआयएचएसएस (स्ट्रोकची तीव्रता मोजणारे गुण) आणि सीटी यांच्यापुढे एकही रक्ततपासणी टिकत नाही. मोठ्या एमसीए इन्फार्क्टमध्ये (मेंदूची मधली मोठी धमनी बंद पडून मेलेला भाग) कवटी उघडायचा निर्णय पहिल्या ४८ तासांत घ्यायचा असतो. तिथे कुठल्याशा गुणोत्तराची वाट पाहणं म्हणजे गाडी गेल्यावर तिकीट काढणं.

रक्ताचे आकडे खरे कामाला येतात ते इथे: साखर, सोडियम आणि ऑस्मोलॅलिटी (रक्तात विरघळलेल्या कणांचं प्रमाण), मूत्रपिंड, आतड्याची किंवा हातापायाची रक्तबंदी, फीड (नळीतून अन्न) सुरू केल्यावर पडणारं फॉस्फेट, आणि थोड्या प्रमाणात न्यूमोनिया. बाकीचं शोधनिबंधांसाठी.

---

सूरसागर_न्यूरो | मंगळवार, रात्री ११:५०

साखरेवर मी लिहितो, कारण गोंधळ तिथेच जास्त.

दाखल होतानाची साखर एकटी पाहिली तर फसगत होते. दोन रुग्ण धरा, दोघांची साखर २२० मिग्रॅ. पहिल्याचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ९.०, दुसऱ्याचं ५.६. सरासरी साखरेचं सूत्र: २८.७ गुणिले एचबीए१सी, वजा ४६.७. पहिल्याची सरासरी निघते २१२, दुसऱ्याची ११४. आता दाखल साखरेला सरासरीने भागा, हाच स्ट्रेस हायपरग्लायसेमिया रेशो. पहिला १.०४, दुसरा १.९३. पहिला रोजच्याच साखरेवर आहे. दुसऱ्याच्या शरीरात कॉर्टिसोल आणि कॅटेकोलामाइन या ताणाच्या हार्मोन्सचा कल्लोळ चालू आहे, किंवा कुठेतरी जंतुसंसर्ग दबा धरून बसला आहे. रक्तस्रावी रूपांतर आणि वाईट निकाल यांच्याशी जास्त नातं या दुसऱ्या प्रकाराचं.

म्हणून एचबीए१सी पहिल्याच सॅम्पलमध्ये, जांभळ्या टोपीच्या नळीत. उपाशीपोटी असण्याची गरज नाही. रक्त चढवल्यानंतर पाठवलंत तर आकडा फुकट.

पण हा रेशो मोठा आला म्हणून इन्सुलिनचं लक्ष्य बदलत नाही. शाइन चाचणी (२०१९, ११५१ रुग्ण): एका गटात साखर ८० ते १३०, दुसऱ्यात ८० ते १७९. निकालात फरक नाही. उलट कडक गटात २.६ टक्के रुग्णांची साखर धोकादायक खाली गेली, दुसऱ्या गटात एकाचीही नाही. त्यामुळे लक्ष्य १४० ते १८०, रेशो काहीही असो. रेशोचा उपयोग एवढाच की या रुग्णाकडे डोळे जास्त उघडे ठेवायचे आणि संसर्ग शोधायचा.

---

नळ्यांचा_हिशेब | बुधवार, सकाळी ७:२०

लॅबकडून एक पुरवणी. एचबीए१सीचा आकडा डोळे झाकून घेऊ नका. लोहाची कमतरता असेल तर तो खोटा वर जातो. रक्तस्राव, डायलिसिस, एरिथ्रोपोएटिन (लाल पेशी वाढवणारं इंजेक्शन) असेल तर खोटा खाली. आपल्याकडे छोटा उदेपूर, दाहोद, पंचमहालहून रुग्ण येतात. त्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल भरपूर आहे. एचपीएलसीवर (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारं यंत्र) चाचणी झाली असेल तर नुसता आकडा नको, आलेखही मागा. एसची खिडकी, म्हणजे सिकलसेलच्या हिमोग्लोबिनचा उंचवटा, दिसली की वरचं सरासरीचं सूत्र बाजूला ठेवा.

---

रात्रपाळी_सिस्टर | बुधवार, सकाळी ८:०५

इन्सुलिनच्या पंपाबद्दल पानावर एक ओळ लिहाच, रजिस्ट्रारसाहेब.

आपल्याकडे रेग्युलर इन्सुलिनची बाटली दोन ताकदींत येते, एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १०० युनिट. ५० मिली सलाइनमध्ये ५० युनिट भरायचे तर ४०च्या बाटलीतून १.२५ मिली लागतात, १००च्या बाटलीतून ०.५ मिली. सिरिंजही वेगळ्या: ४०साठी लाल टोपी, १००साठी नारिंगी. नारिंगी टोपीच्या सिरिंजने ४०च्या बाटलीतून ५० खुणा ओढल्या तर हाती येतात फक्त २० युनिट. उलट केलं, म्हणजे लाल टोपीने १००च्या बाटलीतून, तर १२५. त्यामुळे ऑर्डरमध्ये नुसतं '५० युनिट' लिहू नका, बाटलीची ताकदही लिहा.

दुसरं, नळी जोडल्यावर पहिलं २० मिली द्रावण नळीतून वाहवून टाकायचं. प्लास्टिक इन्सुलिन धरून ठेवतं. ते केलं नाही तर पहिले दोन तास साखर उतरत नाही, डॉक्टर दर वाढवतात, आणि नळी भरली की साखर धाडकन खाली.

तिसरं, फीड बंद झालं की इन्सुलिनही बंद. सीटीला नेताना फीड थांबवतात आणि पंप चालूच राहतो. हे सगळ्यात जास्त घडतं.

---

शिरा_धमनी | बुधवार, सकाळी ८:३०

सिस्टर, तिसरा मुद्दा मोठ्या अक्षरात छापायला हवा.

ग्लुकोमीटरबद्दलही एक. नॉरअॅड्रेनालिनवर (रक्तदाब टिकवणारं औषध) असलेल्या रुग्णाच्या थंड, सुजलेल्या बोटातलं रक्त खोटं बोलतं. धमनीच्या लाइनमधून घ्या. आधी नळीतल्या मृत जागेच्या तिप्पट रक्त ओढून बाजूला काढा. आणि धमनीच्या फ्लशला फक्त सलाइन. चुकून डेक्स्ट्रोजची बाटली लागली तर सॅम्पलमध्ये साखर ४०० दिसेल, इन्सुलिन चढवलं जाईल, आणि प्रत्यक्षात रुग्णाची साखर ३० असेल. बेशुद्ध रुग्णात हे ओळखूही येत नाही, सगळे म्हणतात 'स्ट्रोक वाढला'.

---

दांडियाबाजार_रजिस्ट्रार | बुधवार, दुपारी १:१०

हे सगळं टिपलं. आता टीवायजीचं सांगा. आमच्या युनिटमध्ये त्यावर प्रबंध करायचा विचार आहे, आणि पानावरही टाकावा असं एकाचं म्हणणं.

---

आकडेमोड | बुधवार, दुपारी २:४५

टीवायजीवरचे गंभीर-स्ट्रोकचे बरेचसे निबंध एकाच विहिरीतून पाणी काढतात: बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकोनेस रुग्णालयाच्या आयसीयू नोंदी, म्हणजे मिमिक नावाचा खुला डेटा. वाईट डेटा नाही. पण त्यातून काय निघू शकतं आणि काय नाही हे पाहा.

मूळ सूत्र २००८मध्ये मेक्सिकोतून आलं, तेही निरोगी दिसणाऱ्या माणसांमधला इन्सुलिन-प्रतिरोध ओळखायला. ट्रायग्लिसराइड गुणिले साखर, भागिले दोन, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम. दोन्ही सॅम्पल उपाशीपोटी. आयसीयूतला रुग्ण उपाशी असतो का? कोणाला नाकातून फीड चालू, कोणाला डीएनएस (साखर घातलेलं सलाइन), कोणाला प्रोपोफॉल हे गुंगीचं औषध (ते तर चरबीचंच द्रावण). मग निर्देशांक इन्सुलिन-प्रतिरोध मोजतो की कुठली बाटली लटकली आहे ते मोजतो?

शिवाय ट्रायग्लिसराइड सगळ्यांचे पाठवले जात नाहीत. ज्यांचे पाठवले तेवढेच अभ्यासात आले. ते का पाठवले गेले याला कारण असतं, आणि तेच कारण निकालात मिसळतं.

आता गणित. ट्रायग्लिसराइड १५०, साखर ११०: गुणाकाराचा अर्धा ८२५०, लॉग ९.०२. साखर दुप्पट करून २२० केली तर लॉग ९.७१. म्हणजे साखर दुप्पट झाली तरी निर्देशांक फक्त ०.६९ने हलतो. खाटेपाशी उभ्या सिस्टरला २२० दिसतो आणि कळतो. ९.७१ने तिला काय जास्त कळणार?

अजून एक खोच. काही ठिकाणी कंस चुकवून सूत्र छापलंय: आधी लॉग, मग भागिले दोन. त्याने वरच्या पहिल्या उदाहरणाचं उत्तर येतं ४.८६. एका निबंधात सीमारेषा ८ ते ९च्या घरात आणि दुसऱ्यात ४ ते ५च्या घरात दिसली तर घाबरू नका, कंस तपासा. प्रबंध करणार असाल तर एक्सेलमध्ये पहिल्याच दिवशी हे पक्कं करा.

---

सूरसागर_न्यूरो | बुधवार, दुपारी ३:००

म्हणजे प्रबंध करा, पण पानावर टाकू नका?

---

आकडेमोड | बुधवार, दुपारी ३:२०

तेच. आणि प्रबंधात टीवायजीची तुलना नुसत्या साखरेशी करा, शून्याशी नको. वय, एनआयएचएसएस आणि साखर आधीच मॉडेलमध्ये असताना टीवायजी घातल्याने काय भर पडते, एवढाच प्रश्न. 'स्वतंत्र संबंध' आणि 'अंदाज बांधायला उपयोगी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उदाहरणार्थ मानून चला, शंभर रुग्णांत दहा जणांना गुंतागुंत होणार आहे, आणि चाचणी आजारी ओळखण्यात ७० टक्के, निरोगी ओळखण्यात ७० टक्के बरोबर. दहातले ७ पकडले, पण उरलेल्या नव्वदांतले २७ उगाच लाल झाले. एकूण ३४ लाल, खरे ७. पाच वेळा घंटा वाजणार तेव्हा एकदा चोर. तिसऱ्या रात्रीनंतर कोणी उठणार नाही.

---

नळ्यांचा_हिशेब | बुधवार, सायंकाळी ६:३०

लॅक्टेटकडे (ऊतींना रक्त-प्राणवायू कमी पडला की रक्तात चढणारा पदार्थ) येऊ या, कारण तो बिचारा वाटेतच सर्वात जास्त बिघडतो.

दंडाला पट्टा आवळून, रुग्णाची मूठ दाबायला लावून काढलेलं रक्त लॅक्टेटसाठी नको. राखाडी टोपीची नळी, आत सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट. आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटी-सुलटी करायची, घुसळायची नाही. लगेच बर्फात, आणि पंधरा मिनिटांत पेशी वेगळ्या. कारेलीबागेतून अलकापुरीपर्यंत दुचाकीवरून मे महिन्यात, पिशवीत बर्फाशिवाय, असा प्रवास केलेल्या लॅक्टेटवर विश्वास ठेवू नका. आयसीयूत गॅस मशीन (रक्तातले वायू आणि आम्लता मोजणारं) असेल तर तिथेच लावा, हा सर्वात सरळ मार्ग.

साखरेचंही तेच. साध्या नळीत लाल पेशी साखर खात बसतात, तासाला पाच ते सात टक्के, उन्हाळ्यात त्याहून जास्त. फ्लोराइड टाकलं म्हणून लगेच थांबत नाही, पूर्ण परिणाम व्हायला तासभर तरी जातो.

राखाडी नळी सर्वात शेवटी भरा. आधी निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, मग राखाडी. जांभळीतलं रक्त लालमध्ये ओतलं (कमी पडलं म्हणून असं करतात!) तर पोटॅशियम ७, ८ आणि कॅल्शियम अगदी तळाला. असा जोड दिसला की रुग्णाला कॅल्शियम ग्लुकोनेट टोचण्याआधी आम्हाला फोन करा.

गॅसच्या सिरिंजमध्ये पातळ हेपरिन भरून ठेवण्याची जुनी सवय सोडा. जास्त राहिलं तर आयोनाइज्ड कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही खोटे कमी येतात.

---

शिरा_धमनी | बुधवार, रात्री ९:४०

सॅम्पल चांगलं आहे असं धरून, लॅक्टेट २च्या वर आला तर स्ट्रोकच्या रुग्णात मी या क्रमाने विचार करतो.

झटका येऊन गेला का? मोठ्या झटक्यानंतर लॅक्टेट बराच चढतो, पण एक-दोन तासांत उतरायला लागतो. म्हणून दोन तासांनी परत. उतरत नसेल तर एकतर झटके आतून चालू आहेत (ईईजी), नाहीतर कारण दुसरं आहे.

एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) आहे का? मग एक गुठळी मेंदूत गेली तशी दुसरी आतड्याच्या धमनीत जाऊ शकते. बेशुद्ध किंवा वाचा गेलेला रुग्ण पोट दुखतं सांगणार नाही. पोट फुगलेलं, फीड परत येतंय, लॅक्टेट चढतोय: सर्जनला बोलवा, सीटी अँजिओ करा. लॅक्टेटने वाचवता येईल असं एखादं ठिकाण असेल तर ते हे.

मग औषधं. मेटफॉर्मिन, त्यातही क्रिएटिनिन चढलेलं असताना. अॅड्रेनालिन. सॅल्ब्युटामॉलची वाफ दर चार तासांनी चालू असेल तरी लॅक्टेट वर जातो. प्रोपोफॉल ४ मिग्रॅ प्रति किलो प्रति तासाच्या वर ४८ तास चाललं असेल आणि लॅक्टेट, सीपीके (स्नायू झिजल्याची खूण), ट्रायग्लिसराइड एकत्र चढत असतील तर ताबडतोब बंद करा, उद्याच्या राउंडची वाट नको.

आणि थायमिन. पण ते आहारवाल्या ताई सांगतील.

---

गोळीचं_पान | बुधवार, रात्री १०:२०

औषधांच्या यादीत डापाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी मधुमेहाची गोळी) विसरू नका. आता ते स्वस्त झालंय, बऱ्याच मधुमेहींच्या डबीत असतं, बहुतेकदा मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत. रुग्ण तोंडाने काही घेत नाही आणि गोळीचा परिणाम दोन-तीन दिवस चालूच. साखर १८०, सगळे खूश, आणि आतून कीटोअॅसिडोसिस (कीटोन साचून रक्त आम्ल होणं). लघवीच्या पट्टीवर भिस्त ठेवू नका, ती बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट हा मुख्य कीटोन पाहतच नाही. रक्तातलं मोजा, ३ मिलिमोलच्या वर म्हणजे धोका.

अॅनायन गॅप (सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्ब वजा, लपलेलं आम्ल ओळखायला) काढताना अल्ब्युमिनची दुरुस्ती करा. सोडियम १४०, क्लोराइड १०६, बायकार्ब २०, गॅप १४. 'ठीकच आहे' म्हणून पुढे गेलात. पण अल्ब्युमिन २.० आहे. चारातून वजा करून अडीचने गुणलं की ५ आले, खरा गॅप १९.

---

आहारपत्रक | गुरुवार, सकाळी ९:१५

फॉस्फेट. इतके प्रतिसाद झाले आणि एकानेही नाव घेतलं नाही! (शिरा_धमनी यांनी पहिल्या प्रतिसादात ओझरतं घेतलं, पण ते मोजत नाही.)

'सिरम इलेक्ट्रोलाइट' लिहून पाठवलं की लॅब सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड देते. फॉस्फेट आणि मॅग्नेशियम वेगळे लिहावे लागतात, म्हणून ते राहतात. फीड सुरू करण्याआधी एकदा, मग पहिले तीन दिवस रोज (धोका जास्त असेल तर दिवसातून दोनदा), पाचव्या दिवशी एकदा.

धोका कोणाला? चार-पाच दिवस घरी घोट उतरत नव्हता असा म्हातारा माणूस. नवरात्रात नऊ दिवस फक्त लिंबूपाणी घेऊन कडक उपास केलेल्या बाई. (फराळी बटाटा-शेंगदाणा खाणाऱ्यांना मी यात धरत नाही, त्यांचं वजन वाढतं.) आणि दारू. आपल्याकडे दारूबंदी, त्यामुळे घरचे कधीच सांगत नाहीत. सगळे नातेवाईक जमलेले असताना 'पितात का' विचारलं तर उत्तर 'ना ना, बिलकुल नहीं'. बायकोला किंवा मोठ्या मुलाला बाजूला घेऊन, आवाज खाली ठेवून, पोलिसांशी याचा काही संबंध नाही हे आधी सांगून विचारा. तरीही खात्री नसेल तर पितो असं धरून चाला. थायमिनने नुकसान नाही.

थायमिन डेक्स्ट्रोजच्या आणि फीडच्या आधी, निदान १०० मिग्रॅ शिरेतून, मग रोज. धोका असेल तर पहिल्या दिवशी १० ते २० किलोकॅलरी प्रति किलो, त्याहून जास्त नको. पाच दिवसांत फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांपैकी काहीही आधीच्या आकड्यापेक्षा १० ते २० टक्के पडलं तर सौम्य रीफीडिंग (उपासानंतर अन्न सुरू केल्यावर क्षार पडणं), २० ते ३० मध्यम, त्याच्यावर गंभीर. म्हणजे फॉस्फेट ३.८वरून २.६वर आलं, तर अहवालात ते 'नॉर्मल' छापून येईल, पण ३२ टक्के पडलंय. अहवालातल्या ठळक अक्षरांवर जाऊ नका, आधीचा आकडा शेजारी लिहा.

२.०च्या खाली गेलं तर फॉस्फेट भरायचं आणि निदान दोन दिवस कॅलरी ताशी २० किलोकॅलरीपर्यंत खाली आणायच्या. व्हेंटिलेटर सुटत नाही, श्वासाचे स्नायू दमलेत असं वाटतं तिथे अनेकदा हेच असतं.

प्रोपोफॉलच्या कॅलरीही मोजा. दर मिलीला १.१. ताशी १० मिली म्हणजे दिवसाला २६४, आणि त्या फीडच्या हिशेबात कोणीच धरत नाही.

---

दांडियाबाजार_रजिस्ट्रार | गुरुवार, दुपारी १२:३०

ताई, फॉस्फेट वर घेतलं, लाल शाईत. आता सोडियम आणि मॅनिटॉल (मेंदूची सूज उतरवणारं औषध)? आमच्याकडे ऑस्मोलॅलिटी मोजायचं यंत्र नाही, सूत्राने काढतो.

---

नळ्यांचा_हिशेब | गुरुवार, दुपारी १:००

इथेच थांबा. कोणतं सूत्र?

---

दांडियाबाजार_रजिस्ट्रार | गुरुवार, दुपारी १:०५

दोन गुणिले सोडियम, अधिक साखर भागिले १८, अधिक युरिया भागिले २.८.

---

नळ्यांचा_हिशेब | गुरुवार, दुपारी १:२५

वाटलंच होतं. २.८ने भागायचं ते बीयूएनला, म्हणजे युरियातल्या फक्त नायट्रोजनला. पाश्चात्त्य पुस्तकांत बीयूएन असतो. आपल्या बहुतेक लॅब पूर्ण युरिया देतात, तो बीयूएनच्या २.१४ पट असतो. युरियाला ६ने भागायचं.

करून बघा. सोडियम १४८, साखर १८०, युरिया ६०. बरोबर हिशेब: २९६ अधिक १० अधिक १०, म्हणजे ३१६. तुमच्या सूत्राने: २९६ अधिक १० अधिक २१, म्हणजे ३२७. ३२०ची रेघ ओलांडली म्हणून तुम्ही मॅनिटॉल बंद केलं असतं, सूज असलेल्या रुग्णात, एका भागाकारापायी.

पाणी कमी पडलंय का पाहायला युरिया-क्रिएटिनिन गुणोत्तर वापरता ना? पुस्तकातला २०चा आकडा बीयूएनचा. युरियासाठी तो चाळिशीच्या आसपास जातो.

---

शिरा_धमनी | गुरुवार, दुपारी २:१०

+१. आणि मुळात मॅनिटॉल चालू असताना सूत्राने काढलेल्या ऑस्मोलॅलिटीत मॅनिटॉल दिसतच नाही! सूत्रात त्याला जागाच नाही. मूत्रपिंड वाचवायचं तर मोजलेली आणि काढलेली यांच्यातला फरक हवा. पुढच्या डोसच्या अगदी आधी सॅम्पल, फरक २०च्या वर गेला तर डोस रोखा. यंत्र नसेल तर शहरातल्या ज्या लॅबमध्ये गोठणबिंदूवर मोजतात तिथे दिवसातून एक सॅम्पल पाठवा. तेही जमत नसेल तर लघवीचं प्रमाण, क्रिएटिनिन आणि डोसची बेरीज यांवर राहा. २० टक्के मॅनिटॉलच्या १०० मिलीत २० ग्रॅम, ही बेरीज चार्टवर रोज दिसली पाहिजे.

३ टक्के सलाइन देत असाल तर सोडियमबरोबर क्लोराइडही पाहा. सोडियम १५०, क्लोराइड १२२, बायकार्ब १६ असं दिसलं की तो संसर्गाचा अॅसिडोसिस नाही, तुमच्याच बाटलीचा आहे.

सोडियम कमी असेल तर उपचार आधी नको, सॅम्पल आधी. लघवीतलं सोडियम आणि ऑस्मोलॅलिटी, सलाइन लावण्यापूर्वी. एसआयएडीएच (शरीर पाणी धरून ठेवतं) आणि सेरेब्रल सॉल्ट वेस्टिंग (लघवीतून मीठ वाहून जातं) दोन्हींत लघवीतलं सोडियम जास्तच येतं. फरक पडतो तो शरीरातल्या पाण्याने: दुसऱ्यात रुग्ण कोरडा पडत जातो, लघवी भरपूर, नाडी वेगात. सबअॅरक्नॉइडच्या (मेंदूच्या आवरणाखालचा रक्तस्राव) रुग्णाला 'एसआयएडीएच' म्हणून पाणी तोडणं धोक्याचं, मेंदूच्या धमन्या आकसण्याच्या काळात तर फारच. आणि जुनं कमी सोडियम २४ तासांत ८च्या वर चढवायचं नाही.

साखर जास्त असेल तर सोडियमची दुरुस्ती: १००च्या वरच्या प्रत्येक १०० मिग्रॅला १.६ मिळवा.

---

नळ्यांचा_हिशेब | गुरुवार, दुपारी २:३०

अवांतर, पण महत्त्वाचं: प्रोपोफॉलमुळे सीरम दुधासारखं झालं असेल तर मोठ्या अॅनालायझरवर सोडियम खोटं कमी येतं, कारण तो सॅम्पल पातळ करून मोजतो. गॅस मशीन थेट मोजतं. सकाळी लॅबने १२८ दिला आणि गॅसने १३७, तर गॅसवर विश्वास ठेवा आणि नळी उजेडात धरून बघा.

---

सूरसागर_न्यूरो | गुरुवार, रात्री ८:५०

न्यूमोनियाचं थोडक्यात. सीआरपी (जळजळीची रक्तातली खूण) स्ट्रोकमुळेही चढतो, म्हणून पहिल्या दिवसाचा एकटा सीआरपी काही सांगत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरायच्या ऐवजी परत चढला तर ऐका. प्रोकॅल्सिटोनिन (जंतुसंसर्गाची खूण) नुसत्या अॅस्पिरेशनमध्ये, म्हणजे पोटातलं फुप्फुसात गेलं तरी, कमी राहू शकतं. त्यावर आधारून अँटिबायोटिक सुरू करण्याची स्ट्रॉविन्स्की चाचणी झाली, निकाल सुधारला नाही. आधीच प्रतिबंधक म्हणून अँटिबायोटिक देण्याच्या पास आणि स्ट्रोक-इन्फ या २०१५च्या दोन मोठ्या चाचण्यांतही फायदा नाही.

गंमत म्हणजे न्यूमोनियाचा अंदाज बांधणाऱ्या ए२डीएस२ मोजमापात रक्त लागतच नाही. वय ७५ किंवा जास्त १, एट्रियल फिब्रिलेशन १, गिळता न येणं २, पुरुष १, एनआयएचएसएस ५ ते १५ला ३ आणि १६ किंवा जास्तला ५. एकूण १०. त्यापुढे न्यूट्रोफिल-लिंफोसाइट गुणोत्तर म्हणजे सीबीसीत फुकट मिळतं म्हणून बघायची गोष्ट. डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) चालू असेल तर तेही नको. गिळण्याची चाचणी होईपर्यंत तोंडाने काही नाही, गोळीसुद्धा नाही, घरच्यांनी आणलेलं चमचाभर गंगाजळही नाही. याने जितके न्यूमोनिया टळतात तितके कुठल्याही मार्करने नाही.

अल्ब्युमिन कमी म्हणजे निकाल वाईट, हे खरं. पण त्याचं अर्धायुष्य वीस दिवसांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी ३.६चं २.८ झालं ते कुपोषण नव्हे, जळजळ आणि तुमचं दोन लिटर सलाइन. आणि बाहेरून अल्ब्युमिन चढवू नका. अलायस चाचणीत ते करून पाहिलं, फायदा झाला नाही, फुप्फुसात पाणी जास्त झालं.

---

दांडियाबाजार_रजिस्ट्रार | शुक्रवार, रात्री ९:३०

पान तयार. कच्चं असं आहे:

दाखल होताना: साखर (ग्लुकोमीटरवर लगेच, थ्रोम्बोलिसिस, म्हणजे गुठळी विरघळवणारं औषध, तिच्यापुरतंच थांबतं), एचबीए१सी, सीबीसी, सोडियम-पोटॅशियम-क्लोराइड, फॉस्फेट, मॅग्नेशियम, युरिया, क्रिएटिनिन, अल्ब्युमिन, गॅस आणि लॅक्टेट, ट्रोपोनिन (हृदयाची इजा), आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी). डापाग्लिफ्लोझिन चालू असेल तर रक्तातले कीटोन.

नंतर: साखर इन्सुलिनवर दर तासाला, लागोपाठ चार लक्ष्यात आल्या की दोन तासांनी. मॅनिटॉल किंवा ३ टक्क्यांवर सोडियम-क्लोराइड दर सहा तासांनी. फॉस्फेट-पोटॅशियम-मॅग्नेशियम ताईंनी सांगितल्याप्रमाणे. प्रोपोफॉल ४८ तासांच्या वर गेलं तर ट्रायग्लिसराइड आणि सीपीके. व्हॅल्प्रोएटवर (झटक्यांचं औषध) झापड वाढली तर अमोनिया, बर्फात.

उठवायचं कधी: साखर ७०च्या खाली किंवा लागोपाठ दोनदा २५०च्या वर. सोडियम सहा तासांत ४ने हललं, कुठल्याही दिशेला. लॅक्टेट दोन तासांनी उतरला नाही. फॉस्फेट २.०च्या खाली किंवा ३० टक्क्यांहून जास्त पडलं. दुरुस्त गॅप १६च्या वर.

टीवायजी, लॅक्टेट-अल्ब्युमिन आणि बाकीची गुणोत्तरं पानावर नाहीत. प्रबंधाच्या वहीत आहेत.

---

आकडेमोड | शुक्रवार, रात्री ९:५०

गॅप १६ लिहिताना तुमच्या लॅबची नेहमीची मर्यादा विचारून घ्या. पोटॅशियम धरून काढतात की सोडून, त्यावर आकडा चारने सरकतो.

---

रात्रपाळी_सिस्टर | शुक्रवार, रात्री १०:१५

साहेब, एक रकाना राहिला. अहवालाची वेळ आहे, पण रक्त काढल्याची वेळ नाही. दोनचं सॅम्पल, अहवाल साडेपाचला. मध्ये ३ टक्क्यांची एक बाटली गेलेली असते आणि तुम्ही साडेपाचच्या सोडियमवर पुढची लिहिता.

---

दांडियाबाजार_रजिस्ट्रार | शुक्रवार, रात्री १०:२०

घेतला. 'काढलं' आणि 'कळलं', शेजारी शेजारी दोन रकाने. मध्ये तिसरा, 'त्या वेळी काय चालू होतं': फीड, इन्सुलिनचा दर, बाटली. तो कोण भरणार?

---

रात्रपाळी_सिस्टर | शुक्रवार, रात्री १०:२२

जो रक्त काढेल तो. नळीवर नाव चिकटवायच्या आधी.